गिरकी घेऊन मारलेली लाथ खऱ्या लढतीत चालते का?

वारणाकाठ

डिसेंबर २०१० मध्ये पाच दिवसांच्या अंतराने एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा मिश्र लढाईच्या खेळातल्या दोन लढती झाल्या. दोन्ही पूर्ण पाच राउंड, म्हणजे २५ मिनिटं चालल्या आणि दोन्हींचा निकाल पंचांच्या गुणांवर लागला.

११ डिसेंबरला मॉन्ट्रियलमध्ये जॉर्ज सेंट पिएरने जॉश कॉसचेकला अख्खी लढत जॅब मारला. बाकीही बरंच केलं, पण लक्षात राहतो तो जॅब. पुढचा हात सरळ सोडायचा आणि तितक्याच वेगाने हनुवटीपाशी परत आणायचा, आम्ही क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवतो तोच. त्या जॅबने कॉसचेकच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं.

१६ डिसेंबरला अॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये अँथनी पेटिस आणि बेन हेंडरसन भिडले. पाचव्या राउंडच्या शेवटच्या मिनिटात पेटिस पिंजऱ्याच्या जाळीकडे धावला, उजवा पाय जाळीवर टेकून उसळला आणि हवेतच त्याच पायाने हेंडरसनच्या तोंडावर लाथ हाणली. हेंडरसन आडवा झाला. तो उठला, लढत पुढे चालली आणि पेटिस गुणांवर जिंकून विजेता झाला.

आज यातली कुठली लढत पोरांना माहीत आहे, हे सांगायला नको. मी पुण्यात किकबॉक्सिंग शिकवतो. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं ती जाळीवरची लाथ बघून येतात. त्यांना जॅब शिकायचा नसतो. आणि त्यांचा उत्साह मारून टाकावा असं मला वाटत नाही, कारण ती लाथ खरी होती. सिनेमातली नव्हती. समोरचा माणूस चॅम्पियन होता आणि त्याला ती लागू नये अशी त्याची पूर्ण इच्छा होती.

पण त्या पोरांना मी पेटिसची पुढची गोष्टही सांगतो. ऑगस्ट २०१३ मध्ये मिलवॉकीत दोघे पुन्हा लढले. या वेळी पेटिसने जाळीला पाय लावून उडी मारली नाही. बरगड्यांवर कडक लाथा घातल्या आणि पहिल्याच राउंडमध्ये हेंडरसनचा हात कोपरात अडकवून त्याला हार मानायला लावली. मग मार्च २०१५ मध्ये डलासला राफाएल दोस आंजोस समोर आला. त्याने पेटिसला मोकळी जागाच दिली नाही. पुढे चालत राहायचं, पाठ जाळीला लावायची, ठोसे मारायचे, पट काढून म्हणजे पाय धरून खाली पाडायचं, परत उठला की परत तेच. लाथेला अंतर लागतं, उडीला दोन पावलं लागतात, ती दोन पावलं पाच राउंडमध्ये मिळालीच नाहीत. तिन्ही पंचांनी ५०-४५ दिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की देखणी लाथ चालते की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. तिच्याखाली काय आहे ते बघायला हवं. समोरचा कशामुळे गोंधळला, त्याचे हात का खाली आले, तो त्या जागी का उभा होता. ही तयारी करून देतात त्या साध्या गोष्टी, ज्यांचे व्हिडिओ कुणी एकमेकांना पाठवत नाही.

पेटिसच्या बाबतीत याचं मूळ आणखी मागे सापडतं. त्याचे कोच ड्यूक रुफस. त्यांचा मोठा भाऊ रिक रुफस हा अमेरिकेतला नावाजलेला किकबॉक्सर, कंबरेच्या वर लाथा मारायच्या नियमांत वाढलेला. १९८८ मध्ये लास वेगासला त्याच्यासमोर थायलंडचा चांगपुएक आला आणि त्या लढतीत पायांवर लाथा मारायला परवानगी होती. पहिल्या राउंडमध्ये रिकने चांगपुएकचा जबडा मोडला. जबडा मोडलेला तो माणूस मांडीवर लो किक मारत राहिला, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. चौथ्या राउंडमध्ये रिकला उभं राहता येईना. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. धाकट्या भावाने हे पाहिलं आणि मुए थाई हे थायलंडचं किकबॉक्सिंग शिकायला घेतलं. पुढे त्याच्याच हाताखाली तायक्वांदोतून आलेला पेटिस तयार झाला. म्हणजे जाळीवरून उडणाऱ्या त्या पोराच्या पायाखाली मांडीवरच्या लाथांचा तो धडा होता.

इथे कुस्तीवाले, कराटेवाले, तायक्वांदोवाले बरेच आहेत. तुमचा अनुभव काय?

लाल_माती

वारणाकाठ, धागा उत्तम. पण "देखणं" म्हणजे कच्चं असं गृहीत धरू नका, एवढी विनंती.

आमच्याकडे ढाक बघा. मान बगलेत धरून, कंबर आत घालून अख्खा गडी डोक्यावरून फिरवून पाठीवर टाकायचा. कोल्हापूरच्या खासबागेत ढाक लागली की मैदान उभं राहतं. खाशाबा जाधवांचा तो हुकमी डाव. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं ते अशाच डावांच्या जोरावर, आणि समोर जगातले निवडक मल्ल होते. धोबीपछाड घ्या, कलाजंग घ्या. यांच्याइतकं देखणं काय आहे?

मग हे डाव का चालतात? कारण तालमीत रोज जोडीबरोबर खऱ्या लढती होतात. मी ढाक मारणार हे माझ्या जोडीला ठाऊक असतं. तो मान देत नाही. मी आधी खडाखडीत त्याला दमवतो, पटाला हात घालतो, तो पट वाचवायला खाली येतो, तेव्हा कुठे मान सापडते. वर्षानुवर्षं ज्याला तोड काढली जाते असा डाव मैदानात टिकतो. ज्याला कधी कुणी तोड काढलीच नाही तो पहिल्या धडकेत फुटतो.

अजून एक. खाशाबा १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, नियमही नवे होते. सहावे आले. चार वर्षांत मॅटवरचा सराव आणि ते नियम अंगी बाणवले, तेव्हा पदक आलं. डाव तेच होते, पण खालची जमीन आणि वरचे नियम बदलले की डाव नव्याने कमवावा लागतो.

मुग्धा_जो

मी तायक्वांदो खेळलेली आहे, राज्य पातळीपर्यंत. आमच्या खेळाला "नाच" म्हणणारे प्रतिसाद येण्याआधी लिहिते.

नियम खेळाडू घडवतात. टोकियो ऑलिंपिकच्या वेळच्या नियमांत छातीवरच्या ठोशाला १ गुण, छातीवरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३ होते. तीच लाथ गिरकी घेऊन मारली तर छातीवर ४ आणि डोक्यावर ५. चेहऱ्यावर ठोसा नाही, कंबरेखाली लाथ नाही, धरून पाडणं नाही. या हिशेबात गिरकी घेणं हाच शहाणपणा आहे. हात खाली ठेवणंही, कारण तोंडावर कुणी मारणारच नसतं. माझी एक मैत्रीण पुढे बॉक्सिंगकडे गेली तेव्हा तिला सगळ्यात जास्त त्रास याच सवयीचा झाला. पाय भन्नाट, अंतराचा अंदाज भन्नाट, आणि हात कमरेशी.

पण तिचा अंतराचा अंदाज बॉक्सिंगमध्ये कामाला आला हेही तितकंच खरं. समोरचीचा ठोसा पोहोचेल की दोन बोटं कमी पडेल, हे तिला पावलावरून कळायचं.

आणि लाथ लागते की नाही याबद्दल शंका असेल तर टोकियोतली कराटेची फायनल आठवा. ७ ऑगस्ट २०२१, निप्पॉन बुदोकान. सौदीचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेविरुद्ध ४-१ असा पुढे होता. त्याने डोक्यावर लाथ मारली आणि गंजजादे बेशुद्ध. नियमाप्रमाणे लाथ ताब्यात हवी होती, म्हणून हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून गेलेला गंजजादे सुवर्णपदक घ्यायला परत आला. हमेदीला मैदानात रडताना पाहून मला फार वाईट वाटलं होतं. ज्या खेळात लाथ थांबवायची असते तिथेही ती इतकी खरी असते.

निशाचर

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. यातलं ९० टक्के दुकान आहे.

२०१७ मध्ये चेंगडूत शू शियाओडोंग नावाच्या एमएमए कोचने ताई ची चे "गुरू" वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्या आत आडवं केलं. वेई लेई हात पुढे पसरून संथपणे उभे राहिले होते, आणि शू सरळ ठोसे मारत आत शिरला. शूने त्यानंतर अशा आणखी गुरूंना आव्हानं दिली. सरकार नाराज झालं, त्याच्यावर खटलाही झाला, पण लढतींचे निकाल बदलले नाहीत. आपल्याकडेही गल्लोगल्ली ब्लॅक बेल्ट वाटणारे क्लास आहेत. वर्षभर हवेत हात हलवायचे, परीक्षेची फी भरायची, फळी फोडून फोटो काढायचा. पालकांना वाटतं मुलगी आता सुरक्षित झाली. हा विश्वास धोकादायक आहे आणि त्यावर गप्प बसू नये.

वारणाकाठ

निशाचर, शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पालकांना खोटा विश्वास विकणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

पण त्या चेंगडूच्या लढतीतून चिनी कला कुचकामी असा अर्थ निघत नाही. त्याच देशात वुशूचे दोन भाग आहेत. ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचाली सादर करायच्या, त्याला जिम्नॅस्टिक्ससारखे गुण. सांडा म्हणजे खरी लढत: ठोसे, लाथा आणि धरून आपटणं. झांग वेईली सांडातून आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये शेनझेनला ४२ सेकंदांत यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकन स्पर्धेची विजेती झाली. २०२२ मध्ये सिंगापूरला तिने योआना येन्जेचिकला गिरकी घेऊन मारलेल्या पालथ्या मुठीने बेशुद्ध केलं. गिरकीच होती ती! आपल्या मुझफ्फरनगरची पूजा तोमरही वुशूतलीच. जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

कलेचं नाव एकच, देश एकच. फरक एवढाच की एका बाजूला समोर विरोध करणारा माणूस असतो.

टोरांटोकर

एप्रिल २०११ मध्ये रॉजर्स सेंटरला यूएफसी १२९ पाहायला गेलो होतो. ५५ हजारांवर लोक. आमच्या जागेवरून पिंजरा काडेपेटीएवढा दिसत होता, सगळं मोठ्या पडद्यावरच बघायचं.

लियोतो माचिदा विरुद्ध रँडी कूटुर. माचिदाचे वडील जपानी, शोतोकान कराटेचे शिक्षक, ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले. कूटुर ४७ वर्षांचा, मूळचा कुस्तीपटू. दुसऱ्या राउंडमध्ये माचिदाने एक पाय उचलल्यासारखं केलं, कूटुरची नजर आणि हात तिकडे गेले, आणि दुसरा पाय खालून सरळ हनुवटीवर आला. उडी मारून समोर मारायची ती लाथ. स्टेडियममध्ये क्षणभर कुणाला काही कळलंच नाही, मग पडद्यावर पुन्हा दाखवलं तेव्हा जो आवाज झाला!

पुन्हा पाहताना मला लाथेपेक्षा आधीचा पहिला राउंड मोलाचा वाटला. माचिदा मागे सरकत राहतो, कूटुर आत आला की एकच सरळ ठोसा आणि बाजूला. पुन्हा मागे. कूटुरला माचिदाच्या हातांची काळजी लागली होती. कराटेतलं जे खरोखर पिंजऱ्यात उतरलं ते हे येणं-जाणं. लाथ हे त्याचं फळ. तीन महिन्यांपूर्वी अँडरसन सिल्वाने व्हिटोर बेलफोर्टला समोरच्या लाथेने असंच पाडलं होतं, त्यामुळे त्या वर्षी सगळ्या जिममध्ये तीच लाथ चालू होती. किती जणांना जमली, देव जाणे. ते अंतर राखणं कुणी शिकत नव्हतं.

स्नेहल_फिजिओ

मी खेळाडूंवर उपचार करते, त्या बाजूने लिहिते.

गिरकीच्या लाथेत उभ्या पायाचा चवडा जमिनीवर फिरायला हवा. नवीन, चिकट मॅटवर किंवा बूट घालून तो फिरत नाही. कंबर फिरते, मांडी फिरते, पाऊल तिथेच रुतून राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. समोरच्याने हातही लावलेला नसताना लिगामेंट फाटतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बरीच व्हिडिओ पाहून घरच्या फरशीवर किंवा गच्चीवर करणारी असतात. आपलं वजन चवड्याऐवजी टाचेवर राहतंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. नितंबाचे आणि पोटाचे स्नायू तयार नसताना बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडून या लाथा शेकड्याने मारून घेऊ नका, ही सगळ्या कोचना कळकळीची विनंती.

मात्र साध्या लाथा सुरक्षित असतात असंही नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अँडरसन सिल्वाने ख्रिस वाइडमनला लो किक मारली, वाइडमनने गुडघा उचलून अडवली आणि सिल्वाच्या नडगीचे दोन तुकडे झाले. एप्रिल २०२१ मध्ये त्याच वाइडमनने युराया हॉलला पहिलीच लो किक मारली आणि त्याची स्वतःची नडगी तशीच मोडली. दोन्ही वेळा नडगी समोरच्याच्या गुडघ्याखालच्या कठीण भागावर आदळली. कधी मारायची हे कळणं दोन्ही प्रकारांत सारखंच महत्त्वाचं आहे.

गावठी_रसिक

सुंदर चर्चा. एक बाजू कुणी मांडली नाही: पोट. लढवय्याला पैसा प्रेक्षकांमुळे मिळतो. त्या जाळीवरच्या लाथेने पेटिसला जे नाव दिलं त्यातून तो पुढे व्हीटीज या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावर झळकला, अमेरिकेत खेळाडूसाठी तो मोठा मान असतो. सेंट पिएरसारखा शंभर टक्के शिस्तीने जिंकणारा एखादाच मोठा होतो. बाकीच्या साध्या शैलीच्या पोरांना जिंकूनही कुणी ओळखत नाही. आयुष्यातली दहा-बारा वर्षं मिळतात लढायला. त्यात एखाद्याने जोखीम घेऊन गिरकी मारली तर मला ती समजते.

वारणाकाठ

गावठी_रसिक, मुद्दा मान्य. पण जोखीम कधी घ्यायची याचा हिशेब करणारे आणि न करणारे यांत फार फरक पडतो. मिशेल परेराचं उदाहरण मी पोरांना नेहमी दाखवतो.

सप्टेंबर २०१९, व्हँकुव्हर. परेरा जाळीवर पाय देऊन उडतोय, कोलांटउड्या मारतोय, लोक वेडे झालेत. समोर ट्रिस्टन कॉनेली, ऐन वेळी बोलावलेला, स्वतःच्या गटापेक्षा वरच्या वजनगटात लढायला उतरलेला. पहिला राउंड संपताना परेराची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. उडी मारायला जी ताकद लागते ती परत भरून यायला वेळ लागतो आणि कॉनेलीने तो वेळ दिला नाही. चिकटून राहिला, खाली नेलं, तिसऱ्या राउंडपर्यंत परेराच्या अंगात त्राण नव्हतं. निकाल एकमताने कॉनेलीकडे.

त्यानंतर परेरा बदलला. उड्या कमी झाल्या, ठोसे सरळ झाले, दम राखून लढायला लागला आणि सप्टेंबर २०२० पासून ओळीने जिंकत गेला. मे २०२४ मध्ये रिओत त्याने कोलांटउडी मारलीच, पण कधी? प्रतिस्पर्धी ठोसा खाऊन खाली पडल्यावर. उडी मारून त्याच्यावरच उतरला आणि गळा आवळून एका मिनिटाच्या आत लढत संपवली. तीच उडी, तोच माणूस.

पन्हाळ्याचा_वारा

निशाचर यांच्या "दुकान" शब्दाबद्दल थोडं. मी लहानपणापासून कोल्हापुरात मर्दानी खेळ खेळतोय. लाठी, पट्टा, फरीगदगा. आमच्यात कुणी असं म्हणत नाही की पट्टा फिरवणारा पोरगा रिंगमध्ये जाऊन बॉक्सरला हरवेल. पट्टा फिरवताना चारी बाजूंनी पातं खेळवायचं, पाय कधी थांबवायचे नाहीत, लिंबू कापताना खालच्या माणसाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, ही वेगळी साधना आहे. शिवजयंतीला चौकात खेळ होतो तेव्हा म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी आणून बघतात. एका वारशाला दुसऱ्या खेळाच्या कसोटीवर नापास ठरवू नका. आम्ही जे नाही ते आहोत म्हणून कधी सांगितलं नाही.

निशाचर

पन्हाळ्याचा_वारा, माझा रोख तुमच्याकडे अजिबात नव्हता. तुम्ही जे शिकवता ते तेच म्हणून शिकवता. माझा राग "स्वसंरक्षण" असा बोर्ड लावून कधीच स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या खऱ्या लढती, न घेणाऱ्यांवर आहे. सांडाचा मुद्दा पटला, हेही नोंदवतो.

अथर्व१७

मी अकरावीत आहे, इचलकरंजीला किकबॉक्सिंग करतो. सगळं वाचलं. वारणाकाठ सर, मग मी स्पिनिंग किक शिकू की नको? आमचे सर म्हणतात अजिबात नको. पण मला जोआक्विन बकलीसारखी मारायची आहे. त्याचा एक पाय समोरच्याने धरलेला असताना त्याने दुसऱ्या पायाने उडी मारून फिरून मारली होती. मी ती शंभर वेळा तरी बघितली असेल.

वारणाकाठ

अथर्व, ती लाथ मलाही तोंडपाठ आहे. ऑक्टोबर २०२०, अबू धाबी, समोर इम्पा कसांगनाय. पण तुझ्या सरांचं आधी ऐक, ते तुला रोज बघतात.

बकलीची पुढची गोष्टही बघ. जानेवारी २०२१ मध्ये अलेसिओ दी किरिकोने त्याला पहिल्याच राउंडमध्ये डोक्यावर लाथ मारून पाडलं. त्या एका व्हिडिओने बकली जगभर पोहोचला, पण पुढच्या लढतीत तो व्हिडिओ मदतीला येत नाही. तो आज टिकून आहे ते त्याच्या ठोशांमुळे आणि मेहनतीमुळे.

शिकायची असेल तर मी माझ्या मुलांना ज्या क्रमाने नेतो ते सांगतो. उडीची नाही, जमिनीवरून मारायची बॅक किक आधी. पाठ फिरते, पण टाच सरळ रेषेत पोटाकडे जाते, त्यामुळे रस्ता जवळचा पडतो आणि चुकली तरी तोल राहतो. फिरताना डोकं आधी वळलं पाहिजे. खांद्यावरून लक्ष्य दिसल्याशिवाय पाय सोडायचा नाही, नाहीतर तू अंदाजाने मारतोस. पॅडवर जमली की समोर चालत येणाऱ्या माणसावर, हलक्या हाताने. मग त्याला सांगायचं की तू फिरलास की पाठीला मिठी मार. इथेच बहुतेकांची लाथ मरते आणि तिथूनच खरी सुरू होते. कधी फिरायचं हे तेव्हा कळायला लागतं: तो जॅबला मागे झुकला की नाही, लो किकच्या भीतीने त्याने पुढचा पाय हलका केला की आत घुसला. आत घुसणाऱ्यावर फिरलास तर पाठ दिलीस. लो किक खाऊन खाऊन ज्याचं लक्ष खाली गेलंय त्याच्यावर फिरलास तर लागेल. एडसन बार्बोझाने जानेवारी २०१२ मध्ये रिओत टेरी एटिमला चाकासारखी फिरती लाथ मारून बेशुद्ध केलं ते तिसऱ्या राउंडमध्ये. त्याच्या आधीचे दोन राउंड बघ, एटिमच्या पायांवर किती लो किक पडल्या आहेत ते मोज.

आणि स्नेहलताईंनी लिहिलंय ते गुडघ्याचं विसरू नकोस. गच्चीवर करायची नाही.

मुग्धा_जो

अथर्व, वारणाकाठ यांच्या उत्तरात एक भर. लिओन एडवर्ड्सने ऑगस्ट २०२२ मध्ये कमारू उस्मानला पाडलं ती लाथ बघ. पाचव्या राउंडचं एकच मिनिट उरलेलं, एडवर्ड्स गुणांवर मागे. गिरकी नाही, उडी नाही. आधी हाताची हूल दिली, उस्मानने सवयीने डोकं बाजूला नेलं, आणि डावा पाय तिथे आधीच निघालेला होता. डोकं लाथेकडे चालत आलं. उंच लाथ शिकायची तर ती हूल शिक.

लाल_माती

वारणाकाठ, तुमच्या क्लासमध्ये पट काढणारा जोडीदार कोण असतो?

वारणाकाठ

खरं सांगायचं तर कुणीच नाही. किकबॉक्सिंगची पोरं एकमेकांचा पाय धरतात, पण ते धरणं कच्चं असतं. कुणी खऱ्या वेगाने आत शिरत नाही. त्यामुळे माझ्या मुलांना वाटतं त्यांची बॅक किक पक्की झाली आहे, आणि मला माहीत आहे की ती अजून झालेली नाही.

लाल_माती

आमच्या तालमीतली पाच-सहा पोरं मॅटचाही सराव करतात, कात्रजजवळ. वस्तादांशी बोलतो. हौद्यात लाथा नकोत, माती सरकते आणि पाय मुरगळतो, शिवाय वस्ताद परवानगी देणार नाहीत. मॅटवर करू. नखं कापून या, नडगीला पॅड लावा, पहिले दोन रविवार लाथा अर्ध्या ताकदीने. आमची पोरं मात्र पट पूर्ण ताकदीने काढतील, कारण त्यांना हळू काढता येत नाही. डोक्यावरची लाथ सुरुवातीला बंद ठेवा. ते पट काढायला खाली वाकतात, त्यांना अशा लाथेची सवय नाही आणि गुडघा सरळ तोंडावर बसेल. चालत असेल तर निरोप करा.

वारणाकाठ

चालेल. आठ पोरं घेऊन येतो, सगळी सोळाच्या वरची, पालकांची लेखी संमती घेऊन. स्नेहलताई, पहिल्या रविवारी तासभर आलात तर फार बरं होईल.

स्नेहल_फिजिओ

येते. मॅट किती जुनी आहे तेवढं आधी कळवा, आणि पोरांना बूट आणू नका म्हणून सांगा.